हनुवटीखालचा पट्टा

मी सहावीत असताना आईनं माझ्या टोपीचं इलॅस्टिक विळीवर कापलं. दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारीचं संचलन होतं. शाळेनं आम्हा मुलींना निळ्या टोप्या वाटल्या होत्या आणि टोपीला हनुवटीखालून घ्यायचं पांढरं इलॅस्टिक होतं. मी संध्याकाळी ती टोपी घालून घरभर 'डावा-उजवा, डावा-उजवा' करत फिरत होते. आई विळीशी बसून मासे साफ करत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ताडकन उठली. टोपी माझ्या डोक्यावरून ओढून काढली, इलॅस्टिक पात्याला लावलं आणि कचकन कापून टाकलं. मग टोपी परत माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "आता घाल."

सकाळी मैदानावर खाडीकडून वारा सुटला होता. आमची रांग नेमकी पाहुण्यांसमोर आली आणि माझी टोपी उडाली. उडाली ती थेट पाहुण्यांच्या बुटांपाशी. सगळी शाळा हसली. पाहुणेसुद्धा हसले, मेले. मी रडत घरी आले आणि आईला तोंडाला येईल ते बोलले. एरवी माझी आई एका शब्दाला चार शब्द ऐकवणारी, पण त्या दिवशी "टोपी गेली ना? जाऊ दे. डोकं हाय ना जाग्यावर?" एवढंच म्हणाली आणि भात वाढला.

ही बाई विक्षिप्त आहे, असं माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. पुढे कित्येक वर्षं मी ते बदललं नाही.

आम्ही कोळी. पनवेल आणि उरणच्या मधे खाडीकाठी आमचं गाव आहे. बाबांची होडी होती आणि आई मासळी विकायची. आमच्या गावात डोक्यावरून ओझं नेणाऱ्या बायकांचा एक नियम होता आणि तो कुणी शिकवावा लागत नसे. डोक्यावर आधी चुंबळ ठेवायची, म्हणजे फडक्याची गोल गुंडाळी. तिच्यावर मासळीची पाटी. आणि पाटी कधीही, कशानंही बांधायची नाही. मान ताठ, हात मोकळे, बाकी सगळं तोलावर. पाय घसरला तर पाटी जाते, बाई राहते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका चालताना इतक्या ऐटदार का दिसतात, याचं कारण हे. आयुष्यभर मान खाली घालायची सोयच नव्हती.

बाबा गेले. होडी विकली. मी शिकले, आणि आता पनवेलच्या खांदा कॉलनीत एकटी राहते. माझा धंदा ऐकून लोक हसतात. मी माहितीपत्रकांचं मराठी भाषांतर करते. मिक्सर, गिझर, कुकर, पंखे. 'प्रथम वापरापूर्वी कृपया सूचना काळजीपूर्वक वाचा' हे वाक्य महाराष्ट्रात माझ्याइतकं कुणी लिहिलं नसेल, आणि ते कुणी पाळत नाही हेही माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

आई सत्तरी ओलांडून गेली तरी पनवेलच्या बाजारात बसते. "बाजार सोडला तर माझ्याशी बोलायला कोण? तुझे ते गिझर?" असं विचारते. गावातून मासळी टेम्पोनं येते, पण टेम्पोत आईला मळमळतं. म्हणून मासळी टेम्पोनं आणि आई माझ्या धाकट्या भावाच्या बाईकवर, अशी वरात रोज निघते. भाऊ तिला बाजारात सोडतो आणि पुढे कळंबोलीला गोदामात कामाला जातो. दुपारी माल संपला की आई रिक्षा करून माझ्याकडे येते, जेवते, लवंडते, आणि संध्याकाळी भाऊ तिला घेऊन जातो. आमच्या सोसायटीचे चेअरमन रोज जिन्यात नाक दाबून उभे असतात. आई त्यांना रोज विचारते, "काय भाऊ, सर्दी बरी हाय का?"

पण आमच्या गावापासून पनवेलपर्यंतचा तो रस्ता! दिवसभर कंटेनरचे ट्रेलर चालू. एक गेला की दुसरा, आणि बाजूनं जाताना असा वारा मारतात की बाईक आपोआप हलते. रोज सकाळी आईचा 'पोचले' असा फोन येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. हे मी तिला कधी बोलून दाखवत नाही, कारण बोललं की ती हसते.

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं, म्हणून वाटेत गव्हाणफाट्यावर पोलिसांनी भावाला हटकलं. त्यानं आईसाठी हेल्मेट आणलं. आता आईचा अंबाडा म्हणजे काय सांगू! वर बांधलेला, टपोरा, त्याला रोज ताजी वेणी. "अंबाडा खाली घे," म्हटलं तर जणू घर विकायला सांगितलंय असा चेहरा. शेवटी भावानं दुकानातलं सगळ्यात मोठं हेल्मेट आणलं. अंबाडा, वेणी आणि आई, तिघंही त्यात मावली. आणि आईनं ते हेल्मेट अगदी पाटीसारखं डोक्यावर ठेवलं. मान ताठ, हात मोकळे. पट्ट्याची दोन टोकं कानांशेजारी लोंबत राहिली.

"आये, पट्टा लाव," भाऊ म्हणाला.

"डोक्यावरचं बांधायचं नाय."

"अगं, ही पाटी नाय!"

"डोक्यावर हाय ना? मग झालं."

पहिले काही आठवडे आम्ही हसण्यावारी नेलं. म्हातारी आहे, होईल सवय, म्हटलं. मग एका संध्याकाळी भाऊ माझ्या दारात उभा राहिला, हातात एक चपटी वस्तू घेऊन. मी आधी ओळखलंच नाही. ते आईचं हेल्मेट होतं. सकाळी शेजारून ट्रेलर गेला, वाऱ्यानं हेल्मेट उडालं आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या ट्रेलरखाली गेलं. त्याच्या आत चिरडलेली वेणी अजून चिकटलेली होती. अबोलीची.

आणि आई? दुपारपासून मला अवाक्षर न सांगता बसलेली, ती आतून चहा पिता पिता ओरडून सांगतेय, "बघ, बघ! डोकं हाय ना जाग्यावर!"

मी जे काही ओरडले ते खालच्या वाण्यानंसुद्धा ऐकलं असणार. अगं, बाईक नुसती हलली म्हणून निभावलं, तू पडली असतीस तर? डोक्यावर काही नव्हतं ना मग! त्यावर तिचं उत्तर तयार होतं. "आणि बांधलं असतं तर? ते गेलं ट्रेलरखाली, त्याच्या मागनं मी पण गेले असते." तिच्या मते तिच्या नियमानं तिला वाचवलं होतं. आता या माणसाशी काय बोलायचं? मी कपाळावर हात मारून घेतला.

भावानं नवं हेल्मेट आणलं. पुन्हा तेच. दारात आमच्या समोर ती पट्टा हातानं हनुवटीखाली धरायची, जणू लावलाय, आणि पहिलं वळण घेतलं की सोडून द्यायची. भाऊ चिडून म्हणाला, "उद्यापासून नेणार नाय तुला." दुसऱ्या दिवशी बाई पहाटे निघून हमरस्त्यावर जाऊन उभी राहिली, येईल त्या डंपरला हात करायला. भाऊ धावत गेला आणि मुकाट्यानं बाईकवर बसवून बाजारात घेऊन गेला. आम्ही दोघांनी हात टेकले.

त्याच सुमारास माझ्याकडे काम आलं ते नेमकं हेल्मेटच्या माहितीपत्रकाचं. नशिबाला विनोद कळतो, हे मला तेव्हा पटलं. पत्रकात जागोजागी एक शब्द होता, चिनस्ट्रॅप. आपण सगळे त्याला बेल्ट म्हणतो, नाहीतर नुसता पट्टा. पण काम पाठवणाऱ्या मुलानं फोनवर बजावलं होतं, "मॅडम, बेल्ट नको, प्रॉपर मराठी पाहिजे." आणि मला अशा वेळी एक खोड आहे. साधा शब्द पुरेसा असताना मी त्याचं कूळ शोधत बसते. त्याचे पैसे मिळत नाहीत, वेळ मात्र जातो.

चिन म्हणजे हनुवटी, हे शाळेतलं पोर सांगेल. पण हा शब्द फार जुना निघाला. मुळात त्याचा अर्थ जबडा, गाल असा सगळा खालचा भाग. युरोपातल्या कितीतरी भाषांत त्याची भावंडं सापडतात, आणि एक बहीण आपल्याकडे संस्कृतात आहे: हनु. म्हणजे आपली हनुवटी आणि त्यांची चिन एकाच आजीच्या नाती. मी खुर्चीत सरसावून बसले.

मग स्ट्रॅप. मला वाटलं, पट्ट्याचं काय एवढं असणार? तर हा शब्द आधी वेगळ्या उच्चाराचा होता. न्हाव्याच्या वस्तऱ्याला धार लावायच्या चामडी पट्टीला इंग्रजीत अजून तो जुना उच्चार, स्ट्रॉप, चालतो. त्याच्याही मागे गेलं की लागते लॅटिन, आणि तिच्या मागे ग्रीकमधली पिळलेली दोरी. आणि लॅटिनमध्ये या शब्दाचा एक अर्थ काय असावा? वल्हं होडीच्या खुंटीला धरून ठेवणारं कडं.

मी ते तीनदा वाचलं. वल्ह्याचं कडं! बाबांच्या होडीला ते होतं. काथ्याची दोरी पिळून केलेलं, खाऱ्या पाण्यानं काळं पडलेलं. लहानपणी मी त्यात हात घालून बांगडी म्हणून मिरवायचे आणि बाबा ओरडायचे. पुढे कधीतरी घोड्यावरच्या शिपायांच्या उंच टोप्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून हनुवटीखाली पट्टे आले आणि इंग्रजांनी हे दोन म्हातारे शब्द एकमेकांना जोडून टाकले. आधी मधे छोटी रेघ होती, मग तीही गेली. आणि तो जोडशब्द फिरत फिरत खांदा कॉलनीत माझ्या टेबलावर आला, बाबांच्या होडीचं कडं घेऊन. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. लगेच दुसरा विचार आला तो मात्र अगदी व्यवहारी होता: आता मी आईला हरवते की नाही बघ.

दुपारी आई आली. पाय धुतले, स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. संध्याकाळसाठी म्हणून तिनं बाजारातून आमच्यापुरते बोंबील मागे ठेवले होते, ते तिनं पाण्यात टाकले. मी तिला भात आणि मासळीचं आंबट वाढलं आणि समोर बसून सगळं सांगितलं. हनु सांगितलं, दोरी सांगितली, लॅटिन म्हणजे काय तेही सांगितलं. ती जेवता जेवता ऐकत होती.

"म्हणजे त्यांना आमची होरी ठाव होती?" तिनं विचारलं.

"आपली नाही गं. त्यांची त्यांची होडी. पण कडं तेच."

"असंल. पाणी तर सगलीकडं सारखंच."

"आये, आता मला सांग. वल्हं कड्यात नसलं तर काय होतं?"

"जातं वाहून."

"आणि होडी?"

"होरी काय करणार? फिरते गोल गोल. लाट नेईल तिकडं जाते."

"मग! हेल्मेट म्हणजे पाटी नाही, आये. हेल्मेट म्हणजे वल्हं. ते गेलं तर माणूस गेलं. म्हणून ते बांधायचं." मी विजयानं तिच्याकडे पाहिलं. इतका सुंदर मुद्दा मी आयुष्यात कुणापुढे मांडला नव्हता.

आईनं शांतपणे शेवटचा घास घेतला. "बाबांचा सुरा कुठं असायचा होरीत?" तिनं विचारलं.

होता खरा. वल्ह्याच्या खुंटीशेजारी फळीच्या फटीत एक आखूड सुरा खोचलेला असायचा. आम्हाला त्याला हात लावायची बंदी होती.

"मासे कापायला ठेवलेला," मी म्हणाले.

"होरीत कोण मासे कापतं गो? कडं कापायला होता तो. वल्हं कुठं अडकलं न् लाट आडवी आली, तर बांधलेलं वल्हं होरी उलटी करतं. तवा गाठ सोडत बसायला येल नसते. बांधलेलं सोडता आलं पायजे, नायतर बांधायचं नाय."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. पण तिचा आवाज नेहमीचा राहिला नव्हता, आणि ती ताटाकडे बघत होती.

"तुझी मावशी," ती म्हणाली.

मला एक मावशी होती, आईची धाकटी बहीण, ती लहानपणीच खाडीत पडून गेली, एवढं मला माहीत होतं. घरात तिचा फोटो नाही. तिचा विषय कधी निघत नसे आणि मीही कधी विचारलं नव्हतं. किती घरांत अशा मावश्या, आत्या असतात, त्यांचं नाव काढलं की मोठी माणसं उठून दुसऱ्या कामाला लागतात. त्यातलीच ही एक, असं मी धरून चालले होते.

आईनं त्या दुपारी सांगितलं. दोघी बहिणी होडीतून धक्क्यावर मासळी उतरवत होत्या. होडीपासून धक्क्यापर्यंत फळी टाकलेली. वारा फार होता. मावशी अंगानं काडी, डोक्यावरची पाटी सारखी कलायची, मासळी सांडायची आणि होडीवाले ओरडायचे. ती आईला म्हणाली, "ताय, बांध ना." आईला नियम माहीत होता. पण बहीण रडकुंडीला आली होती. आईनं स्वतःच्या चुंबळीचं फडकं सोडलं, पाटीवरून घेतलं आणि बहिणीच्या हनुवटीखाली घट्ट गाठ मारली. ती हसली आणि फळीवर चढली.

"फळी शेवाळलेली. ती गेली. पाणी कमरेएवढं हुतं गो, बाय. नुसतं कमरेएवढं." आईनं स्वतःच्या कमरेला हात लावून दाखवलं. "पाटी भरली पाण्यानं, गाळानं. एका बाजूला बसली. तिच्या संगं तिचं डोकं. मी उडी मारली. पाटी उचलली तर उचलंना. मग गाठ सोडायला लागले. भिजलेली गाठ. माझीच गाठ. नखं मोडली माझी. दातांनी ओढली. सुटली नाय गो. माणसं येईपर्यंत सुटली नाय."

बाहेरून एक विमान घरघरत गेलं. नवा विमानतळ झाल्यापासून बोलणं मधेच थांबवायची आम्हाला सवय झाली आहे. ते लांब जाईपर्यंत आई स्वतःची नखं बघत होती.

"कुणी मना बोललं नाय," ती म्हणाली. "आय नाय, बा नाय. सगल्यांनी गाठ बघितलेली. एकानं तरी बोलायला पायजे हुतं."

मी तिच्याजवळ सरकले आणि तिला मिठी मारली. आमच्या घरात मिठ्या मारायची रीत नाही, त्यामुळे ती थोडी अवघडली. मी रडत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ते पांढरं इलॅस्टिक होतं. तिला विचारायची गरज नव्हती, पण तिनंच सांगितलं. "तू ती टोपी घालून नाचत हुतीस. हनवटीखाली ते पांढरं. मना तीच दिसली." मी सहावीत होते तेव्हा. किती वर्षं ही बाई ते एकटीनं उरात घेऊन बाजारात बसली, चेअरमनची थट्टा केली, आम्हाला वाढवलं. आणि मी तिला लॅटिन शिकवत होते.

मी ठरवलं, आता हा विषय बंद. भावालाही सांगायचं, तिला छळू नकोस. काहीतरी दुसरी वाट काढू, रिक्षा लावू, काहीही करू.

मी ताट उचलायला उठले, तर आई दाराशेजारच्या चपलांच्या कपाटाकडे बघत होती. त्यावर नवं हेल्मेट ठेवलेलं होतं.

"तो सुटतो कसा?" तिनं विचारलं.

इतके आठवडे आम्ही दोघं भावंडं तिच्या कानीकपाळी ओरडत होतो, बांध, बांध, बांध. तो पट्टा सुटतो कसा, हे तिला कुणी एकदाही दाखवलं नव्हतं. माझ्या टेबलावर पडलेल्या त्या पत्रकात तरी कुठं होतं? असेल शेवटी कुठंतरी, एका ओळीत.

मी हेल्मेट आणलं. पट्ट्याचं टोक खोबणीत सारलं, 'टक' असा आवाज झाला. मग बाजूचा लाल खटका अंगठ्यानं दाबला. पट्टा सुटला.

आईनं डोळे बारीक केले. "गाठ नाय?"

"नाही. गाठच नाही."

"कोरडा हाय म्हणून सुटला. भिजल्यावर?"

मी न्हाणीघरातून बादली आणली आणि नळ सोडायला गेले. पण तिनं हातानंच मला थांबवलं आणि बोंबील ठेवलेल्या पातेल्यातलं पाणी एकदोन बोंबलांसकट बादलीत ओतलं. बुळबुळीत, वशट, गढूळ पाणी. "खाडीचं पाणी काय नळाचं असतं?" म्हणाली. आणि कोरं करकरीत हेल्मेट त्यात बुडवलं.

तिनं पाण्यात हात घालून पट्टा लावला. टक. खटका दाबला. सुटला. पुन्हा लावला, पुन्हा दाबला. मग डाव्या हातानं. मग डोळे मिटून, चाचपत. बोटं बुळबुळीत झालेली, अंगठा सरकत होता, तरी दर वेळी सुटत होता. तिच्या तोंडाचा हळूहळू आ होत गेला.

"आता ओढ," ती म्हणाली.

"काय?"

"लावलेला हाय. तू ओढ जोरात. पाटी कशी ओढते तशी."

मी हेल्मेटमध्ये एक हात आणि पट्ट्यात दुसरा घालून दोन्हीकडे ताणलं. "जोर नाय का तुझ्यात? ओढ गो!" मी पाय भिंतीला लावून जीव खाऊन ओढलं. तिनं ताणलेल्या पट्ट्यावरचा खटका दाबला, आणि मी धाडकन मागे आपटले. बादली कलंडली. पाणी फ्रिजखाली गेलं, तिच्या लुगड्यावर गेलं, माझ्या केसांत एक बोंबील अडकला.

आई हसायला लागली. इतकी हसली की भिंतीला टेकली. आणि हसता हसता रडायला लागली, तोंड झाकून, अंग गदगदा हलवत. "सुटलं," म्हणत होती. "सुटलं गो, सुटलं." मी तिच्या शेजारी त्या ओल्या फरशीवर बसून राहिले.

संध्याकाळी भाऊ आला. दारातच नाक वर करून म्हणाला, "हे हेल्मेट हाय का बोंबलाची पाटी?" मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. आईनं वेणी काढून माझ्या हातात दिली. अंबाडा सोडला आणि मानेवर खाली, सैलसर बांधला. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला तशी बघत होते. ओलं हेल्मेट घातलं, स्टुलावर बसली आणि माझ्यासमोर हनुवटी वर केली.

"बांध."

"तूच लाव की. येतं ना आता तुला."

"नाय. तू बांध."

तिची हनुवटी सुरकुतलेली, थोडी पुढे आलेली, आणि खाली गळ्याची कातडी सैल पडलेली. इतक्या जवळून मी ती कधी पाहिली नव्हती. पट्टा तिथून घेताना तिनं डोळे घट्ट मिटले आणि माझं मनगट पकडलं. टक आवाज झाला. तिनं डोळे उघडले, लगेच अंगठा खटक्यावर नेला, सोडला. पट्टा सुटला. "परत," म्हणाली. मी परत बांधला. या वेळी तिनं तो तसाच राहू दिला.

भाऊ दाराला टेकून उभा होता. त्याला काहीच माहीत नव्हतं, पण तोही हसला नाही.

ते माहितीपत्रक मी पूर्ण केलं. शब्द अगदी साधा ठेवला, 'हनुवटीचा पट्टा'. फक्त सूचनांचा क्रम बदलला. आधी 'पट्टा कसा सोडावा', आणि त्यानंतर 'पट्टा कसा लावावा'. काम पाठवणाऱ्या मुलाचा फोन आला, "मॅडम, इंग्लिशमध्ये उलटं आहे." मी म्हटलं, "मराठीत असंच असतं." तो बिचारा "ओके मॅडम" म्हणाला.

आता रोज संध्याकाळी मी गॅलरीत उभी राहते. भाऊ बाईक चालू करतो आणि आई मागे बसते. पट्टा तिचा तीच लावते, मला वर बघून हात करते. मग एक हात भावाच्या खांद्यावर टाकते. दुसरा हात हनुवटीखाली नेते आणि लाल खटक्यावर अंगठा ठेवते. बाईक कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होईपर्यंत तो अंगठा तिथेच असतो. भाऊ म्हणतो, गाव येईपर्यंत ती तो काढत नाही.